भक्ती तुमची, कान शेजाऱ्याचे: आपापले अनुभव लिहा

राज्यघटनेचं कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. गल्लीत काय होतं ते आपण जाणतोच. स्पीकरपासून सुरुवात करू. रात्री १० ते सकाळी ६ बंद, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट, हा नियम. मतं नकोत, स्वतःवर गुदरलेलं लिहा.

पुणे
सासऱ्यांची बायपास होऊन नववा दिवस. मिरवणूक नेमकी खिडकीखाली अडकली. कपाटाची काच थरथरत होती आणि बाबा छातीवरचा पट्टा दोन्ही हातांनी दाबून बसले होते. ११२ ला फोन केला. आवाज उतरला, पोलीस वळले तसा पुन्हा चढला. खाली गेलो तर एक पोरगा म्हणाला, "काका, वर्षातनं एकदाच असतं." दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न: "पहाटेच्या भोंग्याबद्दल बोललात का कधी?" नाही बोललो, आमच्याकडे तो ऐकूच येत नाही! बाबा मात्र म्हणाले, "गणपतीला नावं ठेवू नकोस. त्याला विचारून लावलं होतं का?"

सांगली
तसलाच 'पोरगा' मी होतो. स्पीकरचे चार टॉप, चार बेस, आणि पुढच्या मंडळापेक्षा आपला दणका मोठा हवा, एवढंच डोक्यात. देवबिव काही नाही, खरं सांगतो. आता डाव्या कानात सतत शिट्टी वाजते.

मुंब्रा
२०२२ च्या गदारोळात आमच्या मशिदीने पहाटेचा भोंगा बंद केला. अम्मी हिरमुसली. मी तिच्या मोबाइलवर अजानचं ॲप टाकून दिलं, आता उशाशी वाजतं. माझी तक्रार नाही. फक्त मागच्या गल्लीतल्या रात्रभराच्या जागरणालाही तेच घड्याळ लावा.

ठाणे जिल्हा
जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्यातल्या प्रकरणात सांगितलं, लाउडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. आणि तक्रारदाराचं नाव उघड करू नका. मला दुसरं जास्त मोलाचं वाटलं. आम्ही तक्रार केली तेव्हा पोलिसांची गाडी वळायच्या आत मंडळाला नाव कळलं होतं. दोन वर्षं प्रसादाची वाटी शेजारच्या दारापर्यंत यायची आणि आमचं दार सोडून पुढे जायची. यंदा आली. आईने ती घेतली आणि खिडकी लावून घेतली.