जुनी शिकारीची मुंडकी भिंतीवर लावायची आहेत: टांगणं, धूळ आणि कसर

जुनंपानं:
पेंढा भरलेली दोन मुंडकी दिवाणखान्यात लावायची आहेत. एक मोठ्या हरणाचं, खांद्यापर्यंतचं, फाटे फुटलेल्या शिंगांचं, साधारण १२ किलो. दुसरं पिळदार शिंगांच्या कुरंगाचं (अँटिलोप), ७ किलोच्या आसपास. मागच्या चिठ्ठीवर १९५८ साल आहे. मालकीचे आणि परवान्याचे कागद नीट आहेत, त्यामुळे तो विषय इथे नको.

१. एक भिंत विटांची, गिलावा केलेली. दुसरी जिप्सम बोर्डाची. कुठल्या भिंतीवर, कशाने टांगावं?
२. धूळ बरीच आहे. ओल्या फडक्याने पुसलं तर चालेल का?
३. कुरंगाच्या कानामागे केसांचे पुंजके सुटतायत, खाली बारीक भुगा पडतो. ही कसर का?

ओळंबा:
टांगण्यापुरतं सांगतो. १२ किलो ऐकायला किरकोळ वाटतं, पण तसबीर भिंतीला लागून असते आणि मुंडकं पुढे झुकलेलं असतं. त्यामुळे वरचा स्क्रू खाली दाबला जातो तसाच भिंतीबाहेरही ओढला जातो. हिशेब सोपा आहे. भार भिंतीपासून ३० सेंमी पुढे आणि स्क्रूपासून मुंडक्यामागच्या फळीच्या खालच्या कडेपर्यंत २५ सेंमी धरले, तर बाहेरची ओढ १२ × ३० ÷ २५, म्हणजे साडेचौदा किलोच्या जवळपास. फळी जितकी आखूड तितकी ओढ जास्त.

विटांची भिंत असेल तर प्लग (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) विटेत बसला पाहिजे, गिलाव्यात नाही. बहुतेक मुंडकी पडतात ती इथेच चुकल्यामुळे. गिलावा १५-२० मिमी असतो, म्हणून ८ मिमीच्या ड्रिलने ७० मिमी खोल भोक पाडा, धूळ फुंकून काढा आणि ४० मिमीचा प्लग गिलाव्याच्या पलीकडे ढकला. त्यात ५ × ८० चा स्क्रू. दोन विटांमधल्या चुन्या-सिमेंटमध्ये भोक आलं तर जागा बदला. एकाऐवजी दोन स्क्रू एका पातळीत घ्या, नाहीतर दार आपटलं की मुंडकं हळूहळू तिरकं होत जातं.

जिप्सम बोर्डावर नुसते प्लग नकोत. पहिल्या दिवशी धरतात, पण सतत बाहेर ओढ असली की बोर्डाचा भुगा होत जातो. आतले उभे पत्र्याचे चॅनल लोहचुंबकाने शोधा (बोर्डाच्या स्क्रूंवर चिकटतो) आणि दोन चॅनलवर आडवी १८ मिमी प्लायची पट्टी प्रत्येकी दोन-तीन स्क्रूंनी बसवा. भार त्या पट्टीवर घ्यायचा.

माझ्या मते दोन्ही भिंतींवर तिरकी पट्टीच उत्तम. १०० मिमी रुंद प्लाय लांबीच्या दिशेने ४५ अंशात चिरायची. एक अर्धी भिंतीवर, टोकदार कड वर आणि भिंतीपासून लांबच्या बाजूला. दुसरी फळीच्या पाठीला उलटी. मुंडकं वरून अडकवलं की वजनानेच घट्ट बसतं. फळीच्या खालच्या कडेला तेवढ्याच जाडीचा, १८ मिमीचा ठोकळा लावायला विसरू नका. नाहीतर जनावर जमिनीकडे बघत बसेल. मागे हवा खेळायला फटही आपोआप मिळते.

उचलताना शिंगांना धरू नका. जुन्या कामात कवटीचा तुकडा प्लास्टरमध्ये किंवा लाकडी गाभ्यावर खिळ्यांनी बसवलेला असतो आणि ते खिळे गंजलेले असतात. दोघांनी फळीखाली हात घालून उचला. मागची जुनी तार आणि कडी काढून टाका, कितीही मजबूत दिसली तरी.

संग्रहालयी:
ओळंबा, टांगणं बरोबर, पण त्याआधी थांबा. १९५८ चं काम आहे. १९८० च्या आधीच्या कातड्यांत सोमल (आर्सेनिकचं विष) आहे असं धरूनच चालायचं. आतल्या बाजूला सोमलाचा साबण लावण्याची पद्धत अठराव्या शतकापासूनची. कधी रसकापूर (पाऱ्याचं विष), १९४० नंतर डीडीटीही. टाकणखार (बोरॅक्स) वापरलं असेल तर नशीब. डोळ्यांभोवती, शिवणीवर, कानाच्या बुडाशी पांढरे कण दिसले तर शंका पक्की. मात्र कण दिसले नाहीत म्हणून विष नाही असं होत नाही. खात्री हवी तर एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी सोमल, पारा ओळखणारं) तपासून घेता येतं.

म्हणून नायट्राइलचे हातमोजे, एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क, आणि घरातला साधा व्हॅक्यूम अजिबात नाही: तो मागच्या बाजूने बारीक धूळ खोलीभर उडवतो. हेपा फिल्टरचाच (अतिबारीक धूळ अडवणारा) घ्या, ओढ कमीत कमी ठेवा, नळीच्या तोंडावर जाळीचं कापड बांधा. मऊ ब्रशने धूळ केसांच्या दिशेने नळीकडे ढकलायची. ओलं फडकं नको: कातडं पाणी पिऊन फुगतं, वाळताना आखडतं आणि शिवण उसवते. डोळ्यांच्या काचांसाठी कापसाची काडी किंचित ओली करा. डोळ्यावर काही फवारू नका.

जेवणाच्या टेबलावर, पलंगावर किंवा मुलांचा हात पोचेल तिथे लावू नका.

जुनंपानं:
सोमल असेल तर कीड कशी लागते मग?

संग्रहालयी:
विष आतल्या बाजूला असतं आणि सगळीकडे सारखं पोचलेलं नसतं. कानाचं टोक, नाकाभोवतीची घडी, शिंगांच्या बुडाचे केस बहुधा विष लावताना सुटलेले असतात. शिवाय विष खाल्ल्यावर लागतं. तोवर अळी केस कुरतडतेच.

भुगा भिंगाखाली पाहा. रेशमी नळ्या किंवा जाळं असेल तर कसरीचा पतंग. केसाळ, पट्ट्यापट्ट्यांच्या कातींचे तुकडे असतील तर गालिच्यातले भुंगेरे. सगळा पिवळट लाकडी भुसा असेल तर फळीच किडली आहे. ती आधी बदला.

उपाय थंडीचा. मुंडकं जाड पॉलिथिनमध्ये हवा दाबून काढून सील करा आणि उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर किमान २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कातड्यावर दव धरतं आणि बुरशीची सोय होते. यात एक धोका आहे: दात, प्लास्टर आणि रंगाचे थर थंडीने तडकू शकतात. उघडे दात असलेल्या तोंडाला हा उपाय जाणकाराला दाखवूनच.

डांबराच्या गोळ्या उघड्या भिंतीवर कुचकामी. बंद पेटीत वाफ कोंडली तरच त्या काम करतात. खोलीत फक्त वास आणि डोकेदुखी.

रानवाट:
शिंगांवर खनिज तेलाचा हात फिरवा, चमक येते.

संग्रहालयी:
नको. हरणाची फाटे असलेली शिंगं म्हणजे हाड. तेल पितात, पिवळी पडतात आणि ते पुन्हा निघत नाही. कुरंगाचं शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर नखासारखं आवरण. त्यावर तेल राहतं खरं, पण धूळ धरून काळं होतं. कोरडा ब्रश पुरे. एक लक्षात ठेवा, ते आवरण भुंगेऱ्यांना चालतं, हाड नाही. म्हणजे कुरंगावर जास्त लक्ष.

जुनंपानं:
हरणाच्या डोळ्याच्या कोपऱ्याला दोन मिलिमीटरची चीर आहे. दोन भागांच्या इपॉक्सीने बुजवू?

संग्रहालयी:
इपॉक्सी कातड्यापेक्षा कडक. हवा कोरडी झाली की कातडं आखडणार आणि चीर शेजारून पुन्हा फाटणार. रंग मिसळलेलं मेण भरा. ते नंतर काढता येतं. पण आधी कारण बघा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के स्थिर हवी. ६५ च्या वर बुरशी, ३५ च्या खाली चिरा. एसीच्या झोतासमोर, शेकोटीवर किंवा बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर लावलं तर मेण कितीदाही भरा. ऊनही नको, तपकिरी केस पिवळट होतात आणि तो रंग परत येत नाही.

ओळंबा:
म्हणजे विटांची भिंत बाहेरची असेल तर आतलं जिप्समच बरं. प्लायची पट्टी तेवढी चॅनलमध्येच घ्या.