नळ गळतोय, नॉमिनीचा फॉर्म पडून आहे, माळा तसाच: 'रविवारी करू' हे मोडायचं कसं?

टिपटिप:

दोन बीएचके फ्लॅट, आम्ही दोघं नोकरी करणारे आणि सासूबाई. फ्रिजच्या दारावर कामांची यादी चिकटवून पाच महिने झाले. कागद पिवळा पडला, पण एकही ओळ खोडली गेली नाही. यादी अशी: बाथरूमचा नळ दुरुस्त करणे, बाथरूममधला पांढरा थर काढणे, एक्झॉस्ट फॅन साफ करणे, गॅसची नळी बदलणे, बँक आणि पीएफचं नॉमिनेशन, स्कूटरचा विमा, माळा आवरणे.

ॲप लावून झालं, अलार्म लावून झाला. आता अलार्म बंद करायची सवय तेवढी पक्की झाली आहे. दर शनिवारी रात्री ठरतं की उद्या सगळं उरकायचं, आणि रविवारी संध्याकाळी एकमेकांकडे बघणं. सुविचार नकोत, नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने करायचं ते सांगा. नळाची किंवा फॅनची माहिती असलेल्यांनीही लिहा.

कामाचा_कागद:

तुमच्या यादीत कामं नाहीत, कामांची नावं आहेत. 'नळ दुरुस्त करणे' वाचून हात कुठे घालायचा ते कळत नाही, म्हणून नजर पुढच्या ओळीवर जाते आणि तिथेही तेच होतं. याला आळस म्हणू नका. बहुतेक वेळा घोडं अडलेलं असतं ते एखाद्या वस्तूपाशी, माहितीपाशी नाहीतर फोनपाशी.

म्हणून कागद नवा घ्या आणि प्रत्येक कामासमोर दोनच गोष्टी लिहा: पहिली हालचाल काय आणि त्यासाठी हाताशी काय नाही. नळ: पहिली हालचाल म्हणजे मुख्य व्हॉल्व्ह बंद होतो का ते बघणं, हाताशी नाही तो पाना. गॅसची नळी: पहिली हालचाल म्हणजे ओट्याखाली वाकून नळीवर छापलेली मुदत वाचणं. नॉमिनेशन: पहिली हालचाल म्हणजे कोणकोणत्या बँकेत खाती आहेत ते कागदावर उतरवणं. यातलं एकही पाच मिनिटांहून मोठं नाही.

आता रविवारबद्दल. तुमच्या निम्म्या कामांसाठी रविवार हा सर्वांत वाईट दिवस आहे. बँक बंद, हार्डवेअरची बरीच दुकानं बंद, प्लंबर फोन उचलत नाही. शनिवार धराल तर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीही बँक बंदच. म्हणजे काम ज्या दिवशी होऊच शकत नाही त्याच दिवसावर तुम्ही ते ढकलताय, आणि दोष मात्र स्वतःच्या स्वभावाला. वस्तू आणायची कामं मंगळवार-बुधवारी ऑफिसातून येता येता करा, फोन जेवणाच्या सुट्टीत, आणि रविवारी फक्त तीच कामं ठेवा ज्यांचं सगळं सामान शनिवारी घरात आलेलं आहे.

क्रम लावताना 'सोपं आधी' असं करू नका. थांबल्याने ज्याचं नुकसान वाढतं ते आधी. विमा आणि गॅसची नळी याच आठवड्यात. नळ त्यानंतर, कारण पाणी वाया जातंय. नॉमिनेशन महिन्याच्या आत. पांढरा थर आणि फॅन त्यामागून. माळा सर्वांत शेवटी. तो आणखी सहा महिने राहिला तरी कोणाचं काही बिघडत नाही, उगाच मनावर ओझं घेऊ नका.

वेळ घड्याळाशी बांधू नका, घरात रोज घडणाऱ्या गोष्टीशी बांधा. गिझर लावला की पाणी तापेपर्यंत पंधरा मिनिटं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वीस. 'कुकर लावला की नॉमिनेशनचा एक कागद हातात घ्यायचा' असं नेमकं वाक्य ठरवा. अशा 'जर हे, तर ते' ठरवण्यावर पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने पुष्कळ काम केलं आहे. नुसत्या 'करायचंच' या निश्चयापेक्षा ते जास्त टिकतं. अलार्म वाजतो तेव्हा तुम्ही लोकलमध्ये असता, कुकर मात्र तुम्ही घरात असतानाच लागतो.

पाना_पक्कड:

नळाचं लिहितो. आधी नळ कोणता ते बघा. चार-पाच वेढे फिरवून बंद करावा लागतो तो वायसरचा. पाव फेरीत बंद होतो तो कार्ट्रिजचा, त्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. गळती तोटीतून आहे की मुठीखालून, हेही बघा. तोटीतून असेल तर वायसर किंवा कार्ट्रिज. मुठीखालून असेल तर आतलं पॅकिंग किंवा रबरी रिंग. कधी कधी वरचा नट पाव फेरा आवळला तरी भागतं.

वायसर बदलायचा तर:

मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका. हे विसरलात की पहिला स्क्रू हमखास त्यातून जातो. मुठीवरची टोपी टोकदार वस्तूने उचला, खालचा स्क्रू काढा, मूठ ओढून घ्या. मग वरच्या षटकोनी भागाला पाना लावून सोडवा. या वेळी दुसऱ्या हाताने किंवा दुसऱ्या पान्याने नळाचं अंग घट्ट धरायचं. नाहीतर भिंतीतला जोड फिरतो आणि साध्या वायसरसाठी टाइल फोडायची वेळ येते. स्पिंडल, म्हणजे मूठ बसते तो दांडा, बाहेर आला की त्याच्या टोकाला वायसर दिसेल. तो काढून खिशात घाला आणि दुकानात तोच दाखवा, 'अर्धा इंची' एवढं सांगून भागत नाही.

नवा बसवण्याआधी आत बोट घालून वायसर टेकतो ती पितळी कडा चाचपा. तिला खाच पडली असेल तर नवा वायसरही महिन्याभरात गळणार, तेव्हा सरळ नळ बदला. नवा नळ बसवताना टेफ्लॉन टेप ताणून, आटे तुमच्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने दहा-बारा वेढे. नळ आवळताना सरळ रेषेच्या पुढे गेला म्हणून मागे फिरवू नका, जोड सुटतो. काढा, टेप खरवडा, पुन्हा गुंडाळा.

कार्ट्रिजच्या नळात दुरुस्ती नसते, कार्ट्रिजच बदलायचं. ते काढून सोबत न्या, कारण उंची आणि वरचे दाते कंपनीगणिक वेगळे.

दर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरच्या वर पाणी जातं. रात्री खाली तांब्या ठेवून सकाळी मोजून बघा.

खळखळ:

पांढरा थर हा बोअर आणि टँकरच्या पाण्यातला क्षार. साबणाने निघत नाही, घासून निघत नाही, म्हणून माणूस कंटाळतो. त्याला आंबट लागतं. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवा. टाइलवर फडक्याने लावून वीस मिनिटं ठेवा, मग प्लॅस्टिकच्या घासणीने घासा. नळाला त्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा आणि अर्ध्या तासात धुऊन टाका. रात्रभर ठेवलंत तर चकाकीचा थरच उतरेल. शॉवरची जाळी काढून त्याच पाण्यात बुडवा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर यांना हे लावायचं नाही. तिन्ही दगड चुन्याच्या जातीचे, आंबट लागलं की खातात आणि पांढुरके डाग पडतात ते कायमचे. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू चिरून तसंच ठेवलं की दिसतो तो डाग हाच. आणि ब्लीच किंवा त्याचा कोणताही क्लीनर यात मिसळू नका, त्याच दिवशी एकावर एक वापरूही नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि बाथरूम बंदिस्त असतं. दारावर येणारं बाटलीतलं ॲसिड तर नकोच, ते टाइलमधला सिमेंटचा सांधा खातं.

एक्झॉस्ट फॅनला उलट, सोडा लागतो. तेलाच्या चिकट थराला अर्ध्या बादली गरम पाण्यात तीन-चार चमचे धुण्याचा सोडा. पण हे फक्त प्लॅस्टिकच्या पात्यांना. ॲल्युमिनियमची पाती सोड्याने काळी पडतात, त्यांना भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. हातमोजे घाला, आधी मेन स्विच बंद करा. पात्याचा नट हलत नाही म्हणून जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून बघा, कित्येक पंख्यांत तो उलट्या आट्याचा असतो. मोटरवर पाणी नको, कोरड्या ब्रशने झाडा.

तिसरी_प्रत:

कागदांचं मी सांगते, कारण ही कामं गळत नाहीत, वास मारत नाहीत, म्हणूनच सर्वांत जास्त राहतात.

विमा आधी. स्कूटरची पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. त्याहून मोठी गोष्ट अशी की थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणंच बेकायदा आहे. तारीख आज बघा, उद्या नको.

बँक: १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, टक्केवारी वाटून, बेरीज १०० यायला हवी. लॉकरला मात्र अशी टक्केवारी नाही, तिथे एकामागून एक असा क्रम द्यायचा. फॉर्म दिला की पोच घ्या आणि पुढे पासबुकावर नॉमिनेशनची नोंद आली का ते बघा. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. जाते म्हणजे बुडते असं नाही, पण परत मिळवायला वारसांना खेटे घालावे लागतात.

पीएफ: ईपीएफओच्या वेबसाइटवर यूएएनने, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाने, लॉगिन करा, 'मॅनेज'मध्ये 'ई-नॉमिनेशन'. स्वतःचा फोटो आधी प्रोफाइलवर हवा, तो नसेल तर पुढचं पानच उघडत नाही. नॉमिनीचा आधार क्रमांक आणि फोटोची लहान केलेली फाइल हाताशी ठेवा. शेवटी 'ई-साइन' करून आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी टाकायचा. बरेच जण 'सेव्ह' करून उठतात. मग अर्ज वर्षानुवर्षं अर्धवट राहतो आणि मनात मात्र 'झालंय' अशी नोंद असते. लग्नाआधी भरलेलं असेल तर नव्याने भरा.

सोसायटीचं नॉमिनेशन यादीत नाही, घाला. फॉर्म तीन प्रतींत असतो. कमिटीच्या सभेत नोंद झाल्यावर एक प्रत परत घ्यायची. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने सांभाळणारा. घर कोणाला द्यायचं ते मृत्युपत्रात.

उंबरठा:

एक राहिलं. यादीत प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव लिहा. 'आपण बघू' म्हणजे कोणीच बघणार नाही. आणि ज्याचं नाव त्याने आपल्या पद्धतीने करावं, दुसऱ्याने मागे उभं राहून सूचना देऊ नयेत. अर्धी चालढकल ही टोमण्यांची भीती असते. सासूबाईंनाही विचारा, फोन करायची कामं त्या कदाचित आनंदाने घेतील. प्लंबर त्यांना नाही म्हणत नाही असा सर्वत्र अनुभव आहे.

माळा आवराल तेव्हा सगळं खाली उतरवू नका. दुपारी उत्साहाने खाली आलेलं सगळं रात्री झोपायला जागा हवी म्हणून तसंच वर जातं. एका वेळी एक खोकं. त्याचे तीन ढीग: परत वर जाणारं, भंगारवाल्याचं, कोणाला द्यायचं. 'द्यायचं' ती पिशवी त्याच संध्याकाळी स्कूटरला अडकवा, दाराशी ठेवलीत तर ती पुन्हा माळा चढते.

टिपटिप:

सर्वांचे आभार. पॉलिसी संपून ७१ दिवस झालेत असं आत्ता कळलं, भरली. गॅसच्या नळीवरची मुदत मागच्या वर्षीच संपलेली. नावं वाटून घेतली, नळ माझ्याकडे आला.

पण अडलं: मुख्य व्हॉल्व्हचं चाक नुसतंच गोल फिरतं, पाणी काही बंद होत नाही. आणि एजन्सीवाला म्हणतो नळी तुम्हीच बसवा. चालेल का?

पाना_पक्कड:

व्हॉल्व्हला आता हात लावू नका. तो जुना गेट व्हॉल्व्ह, आतला दांडा तुटलाय. जोर लावाल तर वरचा भाग हातात येईल आणि गच्चीवरची टाकी घरात. सासूबाईंना प्लंबरला फोन करू द्या. सेक्रेटरींना सांगून तुमच्या बाजूची टाकीची लाइन अर्धा तास बंद ठेवायची आणि जुन्याच्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्यायचा. त्याच फेरीत नळही त्याच्याकडूनच करून घ्या, आता स्वतः करण्याचा हट्ट नको. महिन्यातून एकदा तो व्हॉल्व्ह बंद-उघड केलात तर पुन्हा गच्च बसणार नाही.

गॅसची नळी बसवता येते, पण आयएसआय छापाची सुरक्षा होजच घ्या, लांबी दीड मीटरच्या आत, आणि ती शेगडीच्या मागून तापत्या भागाला टेकायला नको. रेग्युलेटर काढून, खिडक्या उघडून काम करा. दोन्ही टोकं नोजलवर पूर्ण आत सरकली पाहिजेत. सरकत नसेल तर टोक गरम पाण्यात बुडवा, तेल किंवा साबण लावू नका. मग रेग्युलेटर लावून दोन्ही जोडांवर साबणाचा फेस चोपडा आणि बघा. बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद करून काढा, १९०६ ला फोन. काडी ओढून तपासायचं नाही, हे सासूबाईंनाही सांगा, जुनी पद्धत तीच होती.

टिपटिप:

प्लंबर गुरुवारी सकाळी येतोय. सासूबाईंनीच फोन केला, दुसऱ्या रिंगला उचलला. लिंबूसत्व आणलं आहे, पण ओटा कडप्प्याचा निघाला, तेव्हा ते फक्त बाथरूमसाठी.