मदत हवी आहे: भारतीय फुटबॉलच्या कारभाऱ्यांना जाब विचारायचाय, पत्र नेमकं कुणाला लिहू?

नमस्कार मंडळी,

गेल्या मंगळवारी, १८ नोव्हेंबर २०२५ ला, ढाक्यात आपण बांगलादेशकडून ०-१ हरलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. अकराव्या मिनिटाला त्यांच्या मोरसालिनने गोल केला आणि पुढे जवळजवळ ऐंशी मिनिटं आपली पोरं चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवत बसली. त्यानंतर लगेच फिफाची क्रमवारी आली, त्यात आपण १४२. जुलै २०२३ मध्ये आपण ९९ होतो, हे आठवून बघा.

हरण्याचा राग नाहीये. मी मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलेला. पाटाकडील तालमीचा संघ हरला की मंगळवार पेठेत दोन दिवस चूल पेटत नाही असे घरचे चेष्टेने म्हणत. तेव्हा हार पचवायची सवय आहे. पण तालमीचा संघ हरला तर संध्याकाळी कट्ट्यावर कारभाऱ्याला धरून विचारता येतं, 'त्याला का बसवला, ह्याला का घेतला?' तोही शिव्या खात का होईना, उत्तर देतो. देशाच्या संघाचा कट्टा कुठे आहे, हे मला कुणीतरी सांगा. मदत हवी आहे ती एवढ्यासाठीच.

आता थोडी पार्श्वभूमी. माझा भाचा नववीत आहे, स्ट्रायकर खेळतो. ऑक्टोबरात त्याला घेऊन मी गोव्यात फातोर्ड्याला गेलो होतो, सिंगापूरविरुद्धच्या सामन्याला. त्याचे सहामाहीचे पेपर तोंडावर आले होते. बहीण म्हणाली, "दादा, तू त्याला बिघडवतोयस." तरी आंबोली उतरून गेलो. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने लांबून असा काही फटका मारला की पोरगं माझ्या खांद्यावरच चढलं. मग मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँगने बरोबरी साधली आणि दुसऱ्या हाफात त्यानेच आणखी एक घातला. १-२. आशिया कप २०२७ ला पात्र ठरण्याची आशा तिथेच संपली. पाच सामन्यांत दोन गुण आणि दोन गोल हा हिशेब ढाक्यानंतरचा, पण प्रेत फातोर्ड्यालाच उचललं होतं.

परतीच्या वाटेवर घाटात पोरगं बराच वेळ गप्प होतं. मग एकदम म्हणालं, "मामा, हे कुणाला तरी कुणी विचारतं का ओ?"

मी म्हटलं, प्रशिक्षकाला विचारतात.

"त्याला तर काढतात. ठेवणाऱ्याला कोण विचारतंय?"

नववीतल्या पोराने बरोबर जागेवर बोट ठेवलं. कारण प्रशिक्षकांचं बघा. स्टिमाचला ऑक्टोबर २०२३ मध्ये २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली. तीन महिन्यांनी आशिया कपात तीन सामने हरलो, एकही गोल नाही. जून २०२४ मध्ये दोह्यात कतारकडून हरलो (त्या सामन्यातला रेषेबाहेर गेलेल्या चेंडूवरचा गोल मी मरेपर्यंत विसरणार नाही, पण तो वेगळा विषय) आणि सहाच दिवसांत स्टिमाचला नारळ. करार शिल्लक असल्यामुळे पुढे चार लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. पैसे गेले ते गेलेच. पण मुदतवाढ कुठल्या आधारावर दिली होती आणि ती कुणी सुचवली, हे आजवर कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

मग मार्केझ आला. माणूस सज्जन, अभ्यासू, पण त्याला एफसी गोवा हा क्लबही सांभाळायला लावला आणि देशही. एक भाकरी तव्यावर आणि एक निखाऱ्यावर, दोन्हींकडे बघणारा हात एकच. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. त्या सामन्यासाठी निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिसाव्या वर्षी परत बोलावलं होतं. त्याने गोलही केला. मी घरात नाचलो आणि नंतर मलाच माझी लाज वाटली. दीडशे कोटींच्या देशाला हेडरसाठी चाळिशीचा माणूस लागतो, यात नाचण्यासारखं काय होतं?

ऑगस्टपासून खालिद जमील आहेत. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला त्यांनी आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मोठी लीग, जिंकून दिली होती. ओमानला पेनल्टीवर हरवून काफा नेशन्स कपात (मध्य आशियाई देशांची स्पर्धा) तिसरा नंबर मिळवला, तेव्हा वाटलं की आता गाडी रुळावर येईल. आली नाही. पण त्यांच्या हातात होतं तरी काय? देशाची सर्वोच्च लीग, इंडियन सुपर लीग, तेव्हा बंदच होती! खेळाडू महिनोन्महिने सामन्याविना, काही क्लबांनी पगार थांबवलेले, आणि आपण त्यांच्याकडून नव्वद मिनिटं दम मागत होतो.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते या लीगच्या भानगडीवर. फेडरेशन (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) आणि रिलायन्सच्या कंपनीचा करार २०१० सालचा. पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा. तो ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे सही झाली त्या दिवसापासून कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. लग्नाच्या हॉलची तारीखसुद्धा लोक वर्षभर आधी घेतात. इथे जुलैत लीग स्थगित झाली तेव्हा कुठे पळापळ सुरू. फेडरेशनच्या नव्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, निकाल येईपर्यंत नव्या कराराची बोलणी करू नका असं कोर्टाने सांगितलं होतं, हे मान्य. पण ते झालं यंदाच्या एप्रिलमध्ये. त्याआधीची वर्षं काय केलं? आणि शेवटी निविदा काढली तर या ७ नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. एकही नाही! गावच्या जत्रेतल्या पाळण्याच्या ठेक्यालासुद्धा दोन माणसं येतात.

पुण्यात राहून मी हे आधी पाहिलंय, म्हणून जास्त लागतं. बालेवाडीला पुणे एफसी बघायला जायचो, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरे आले होते. बंद. भारत एफसी एका हंगामात आटोपला. डीएसके शिवाजीयन्स बंद. एफसी पुणे सिटीचं रूपांतर हैदराबादमध्ये झालं. चार क्लबांचे चार स्कार्फ कपाटात आहेत, बायको त्यांना 'श्राद्धाचं सामान' म्हणते.

आता मुद्द्याचं. फेडरेशनचे अध्यक्ष कल्याण चौबे २०२२ च्या सप्टेंबरात निवडून आले तेव्हा मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. इतकी वर्षं राजकारण्यांनी चालवलेल्या संस्थेत एकदाचा गोलकीपर बसला (तेही राजकारणात आहेतच, पण निदान ग्लोव्हज घातलेला माणूस). त्याच निवडणुकीत माजी कर्णधार भायचुंग भुतियाला मतं किती पडली माहीत आहे? एक. ३३ विरुद्ध १. सगळा देश ज्याला ओळखतो त्याला एक मत, कारण मतं देशाची नसतातच. ती राज्य संघटनांची असतात. तुमचं-माझं मत नाही, भाच्याचं नाही, खेळणाऱ्यांचंही नव्हतं. कोर्टाने आता नव्या घटनेत माजी खेळाडूंना जागा दिली आहे, पण सध्याची कार्यकारिणी सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे तशीच राहणार.

तर मला पत्र लिहायचंय. भाच्याला घाटात शब्द दिलाय. अडचण अशी:

पत्र कुणाच्या नावे? दिल्लीला अध्यक्षांना लिहिलं तर ते कुठल्या टोपलीत जाईल ते मला कळतं. मतं राज्य संघटनांची असतील तर आपल्या राज्य संघटनेला, म्हणजे विफाला, लिहावं का, की 'आमच्या वतीने तुम्ही तिथे काय बोललात ते सांगा'? की क्रीडा मंत्रालयाला? माहिती अधिकारात हे बसतं का? आणि कच्चा मसुदा मी लिहिलाय त्यात चौदा प्रश्न झालेत, त्यातले निम्मे 'तुम्हाला लाज कशी वाटत नाही' या जातीचे आहेत. कुणी अनुभवी माणसाने कात्री चालवून द्यावी.

दुसरी मदत घरगुती आहे. भाच्याची बाहेरच्या राज्यातल्या एका निवासी अकादमीत निवड झालीय. बहिणीला महिनाअखेर कळवायचंय. ती म्हणते, "देशात लीगच नाही, तर दहावीचं वर्ष घालवून हा तिथे करणार काय?" माझ्याकडे उत्तर नाही. कुणाची मुलं या वाटेने गेली असतील तर खरं खरं लिहा, गोड नको.

एक विनंती: 'क्रिकेट बघा' आणि '१९६२ ला आपण जकार्त्यात सुवर्ण जिंकलं होतं' हे दोन प्रतिसाद कृपया देऊ नका. दोन्ही मला पाठ आहेत.

---

भर (२५ नोव्हेंबर): सगळ्यांचे आभार. 'क्रिकेट बघा' असे तीनच प्रतिसाद आले, अपेक्षेपेक्षा बरेच कमी.

गोव्याच्या एका ताईंनी माझे कान उपटलेत, आणि योग्य उपटलेत. भारतीय फुटबॉलचं प्रेत उचललं म्हणताना मी फक्त पुरुषांच्या संघाबद्दल बोलत होतो. आपल्या मुलींनी जुलैत थायलंडला त्यांच्याच घरी, चियांग माईत, २-१ हरवून २०२६ च्या आशिया कपात जागा मिळवली. मी तो सामना पाहिला नव्हता. त्याच फेडरेशनच्या छपराखाली, याहून कमी पैशात. यावर मी काय बोलणार? एवढंच म्हणतो की ताई, हे श्रेय मुलींचं. छपराचं नाही.

काहींनी सगळा दोष खालिद जमील यांच्यावर टाकलाय. ढाक्यातला संघ त्यांनी निवडला, त्याचं उत्तर त्यांनी द्यावं, कबूल. पण रायन विल्यम्सचं प्रकरण घ्या. आई मुंबईत जन्मलेली, ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून गडी इकडे आला, संघाबरोबर ढाक्यापर्यंत गेला आणि ना-हरकत कागद वेळेत न आल्याने बाहेर बसला. कागद आणणं हे प्रशिक्षकाचं काम आहे का?

सगळ्यात उपयोगी प्रतिसाद दिला तो माहिती अधिकाराचं काम केलेल्या एका काकांनी. सरकारी अनुदान घेणाऱ्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय क्रीडा संघटना २०१० पासून या कायद्याखाली येतात, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. आणि त्यांनी लिहिलेलं एक वाक्य मी भाच्याला वाचून दाखवलं: "'का' विचारू नका, कागद मागा. 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला आहेत."

त्यामुळे चौदा प्रश्नांचे तीन झाले. स्टिमाच यांना मुदतवाढ दिली त्या बैठकीचं इतिवृत्त. लीगच्या नव्या कराराबद्दल १ जानेवारी २०२३ नंतर कार्यकारिणीत झालेल्या चर्चांची इतिवृत्तं. आणि मार्केझ यांना दोन्ही कामं एकाच वेळी करू देण्याच्या निर्णयाची टिपणी. लाज वगैरे सगळं खोडलं. मसुदा आता इतका कोरडा झालाय की तलाठी ऑफिसातून आल्यासारखा वाटतो. काका म्हणतात, तसाच पाहिजे.

भर (१ डिसेंबर): काल रात्री बहिणीचा फोन आला. अहमदाबादला आपल्या सतरा वर्षांखालच्या पोरांनी इराणला २-१ हरवलं, आधी एक गोल खाऊन. थेट आशिया कपात. प्रशिक्षक आपले गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. भाचा टीव्हीसमोर उभा राहून सामना बघत होता, जेवायला बसेना. त्याच्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठी पोरं ती. बहीण म्हणाली, "दादा, मी अकादमीला आणखी पंधरा दिवस मागून घेतलेत." मी विचारलं, म्हणजे हो? ती म्हणाली, "म्हणजे पंधरा दिवस."

ज्यांनी मुलांना पाठवलेलं आहे त्यांनी अजून लिहिलं तर बरं होईल. विशेषतः तिथे दहावीचा अभ्यास घेतात का आणि गुडघा दुखावला तर खर्च कोण करतं, हे दोन प्रश्न बहिणीचे आहेत, माझे नाहीत.

अर्ज तयार आहे. माझ्या नावाने जाईल, अक्षर भाच्याचं. काका अजून इथे असतील तर शेवटची मदत: दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर काढायला आज जाणार आहे, ती नेमकी कुणाच्या नावे काढायची?