जुन्या गिब्सनची पारख
लातूरला विक्रीस असलेली गिब्सन कंपनीची ईएस-१७५ ही जुनी इलेक्ट्रिक गिटार केवळ चकाकी शाबूत असल्याने निर्दोष ठरते, असे कोणी म्हटले तर ते मत मला अपुरे वाटते. या पोकळ गिटारीची वरची फळी मॅपलच्या पातळ थरांची असल्याने ती सहसा तडकत नाही, हे खरे. परंतु मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड (तारांखालची, बोटे टेकवायची लाकडी पट्टी) आकसतो आणि त्यावरच्या फ्रेटची, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोके बाहेर डोकावतात, म्हणून नेकच्या (गिटारीच्या मानेच्या) कडेवरून बोट फिरवून पाहावे. सेल्युलॉइडचा (एका जुन्या प्लास्टिकचा) जुना पिकगार्ड, म्हणजे ओरखड्यांपासून गिटार वाचवणारी पट्टी, कुजू लागला असेल, तर त्याच्या वाफेने शेजारचा धातू हिरवट पडतो. तेवढ्यावरून सौदा मोडू नये, भाव मात्र जरूर पाडून घ्यावा. या मॉडेलवर हंबकर, म्हणजे गुणगुण कमी करणारे दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप (तारांची कंपने टिपणारे भाग), १९५७ पासून आले, पण पिकअप मागाहूनही बदलता येतात, तेव्हा निव्वळ त्यांवरून वय ठरवू नये.