मदत हवी आहे: डोंगरावर पवनचक्क्या फिरतायत, खाली लाईट नाही. ग्रामसभेत काय उत्तर द्यायचं?

द्राक्षबाग
मंडळी, तातडीनं मदत पाहिजे. सोमवारी ग्रामसभा आहे आणि चक्क्यांचा विषय निघणारच. गावात सरळ दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, चक्क्या येऊन इतकी वर्षं झाली, आपल्याला काय मिळालं? दुसरा म्हणतो होऊ द्या, चार पैसे पंचायतीला येतात, पोरांना काम मिळतं. मी दुसऱ्या गटातला आहे. पण काल पारावर चुलत्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वारं सुटलंय, पाती गरागरा फिरत्यात, मग माझी मोटर का बंद?" मला नीट सांगता आलं नाही. वाऱ्याच्या आणि उन्हाच्या विजेवर भरवसा ठेवता येतो की नाही? चार माणसांत उभं राहून बोलता येईल असं सांगा. लिंका नकोत.

कृष्णाकाठ
तालुका कुठला? चक्क्या नवीन येणार आहेत का जुन्या काढून मोठ्या बसवणार आहेत? आणि लाईट घरची जाते का शेतीची?

द्राक्षबाग
ढालगाव पट्टा, तालुका कवठेमहांकाळ. लाईट म्हणजे लाईट, दोन्हीकडची जाते. मुद्द्याचं बोला ना.

निवृत्त उपअभियंता
कृष्णाकाठ यांनी मुद्द्याचंच विचारलंय. फिडर म्हणजे सबस्टेशनवरून निघालेली लाईन. घरची लाईट गावठाण फिडरवर असते, मोटर शेतीच्या फिडरवर. शेतीच्या फिडरला थ्री फेज, म्हणजे मोटरला लागणारी वीज, मुळात ठरावीक तासच असते, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. तुमच्या चुलत्यांची मोटर पाळी नव्हती म्हणून बंद होती का पाळीतच गेली, हे आधी बघा. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आता चक्कीचं. चक्कीच्या बुडाशी जो ट्रान्सफॉर्मर दिसतो तो वीज 33 केव्हीला, म्हणजे 33 हजार व्होल्टला चढवतो. तिथून ती चक्कीवाल्यांच्याच लाईनीनं त्यांच्या सबस्टेशनला जाते, तिथं 132 किंवा 220 केव्हीला चढते आणि राज्याच्या जाळ्यात मिसळते. तुमच्या गावाला वीज येते ती दुसऱ्या वाटेनं. त्या जाळ्यातून उतरत उतरत 33/11 च्या सबस्टेशनला, तिथून 11 केव्हीच्या फिडरवर, मग तुमच्या डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर. डोंगरावरची चक्की आणि तुमची डीपी यांच्यात सरळ तार नाही. ओढ्याकाठी फिडरची तार तुटली तर वर शंभर चक्क्या फिरल्या तरी गावात अंधारच राहणार. कोळशाची वीज असती तरी तेच झालं असतं.

दुसरं, पातं फिरतंय म्हणजे वीज निघतेय असं नाही. वारा साधारण सेकंदाला 3 ते 4 मीटरच्या वर गेला की चक्की वीज द्यायला लागते. त्याखाली पाती नुसती फिरतात. वारा दुप्पट झाला तर वाऱ्यातली ताकद आठपट होते, त्यामुळे लांबून बघून कोणालाच अंदाज येत नाही. आणि 25 मीटरच्या आसपास गेला तर मशीन स्वतःहून थांबतं.

माणदेशी
इंजिनिअर साहेब, कागदावरचं सगळं बरोबर असेल. पण आमच्याकडचे म्हातारे सांगतात, चक्क्या आल्या आणि पाऊस हटला. ढग येतात, पात्यांचं वारं लागतं, पुढं सरकतात. हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. ग्रामसभेत हा मुद्दा मांडाच.

चाळकेवाडीकर
अहो दादा, पावसाळ्यात एकदा साताऱ्याजवळच्या आमच्या चाळकेवाडी पठारावर या. ढग चक्क्यांच्या आत शिरलेले असतात. मनोरा अर्धा दिसतो, वरची पाती दिसतच नाहीत, नुसता घूं घूं आवाज येतो आणि पाऊस अंगावर धो धो पडत असतो. पात्यांनी ढग पळाले असते तर ठोसेघरचा धबधबा कधीच आटला असता. वनकुसवडेच्या पठारावर तर चक्क्यांची रांगच आहे, आणि खाली कोयनेचं धरण भरतंय.

माणदेशी
तुमचा घाटमाथा, आमचा दुष्काळी टापू. तुलना करू नका.

चाळकेवाडीकर
तेच सांगतोय. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढगातलं पाणी पश्चिमेलाच पडून जातं, म्हणून जत, आटपाडी, कवठेमहांकाळ कोरडे. 1972 चा दुष्काळ तुमच्या घरच्यांनी खडी फोडून काढला असेल. तेव्हा डोंगरावर एक तरी चक्की होती का? आपल्याकडे चक्क्या आल्या त्या नव्वदच्या दशकाच्या शेवटी.

सूर्यशेती
द्राक्षबाग भाऊ, चक्कीचा नाद सोडा. सौर पंप घ्या. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्याच्या वर साडेसात. रात्री बागेत जायची गरज नाही, सापाची भीती नाही. माझा पंप उन्हाळाभर चालला.

द्राक्षबाग
मी पंप विचारलाच नाही. माझ्या विहिरीला पाणी किती खोल आहे हे तरी तुम्हाला माहीत आहे का?

सूर्यशेती
सांगा ना किती खोल आहे, हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते बघून सांगतो. पण तुमच्या मूळ प्रश्नाचंही उत्तर यातच आहे. वारा आपल्याकडे जोरात असतो जून ते सप्टेंबर. तेव्हा बागेला पाणी लागतं का? पाणी लागतं एप्रिलच्या छाटणीनंतर, मे महिन्यात, जेव्हा ऊन कडक असतं. म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पंपही उन्हाळ्यातच वीज खातात. म्हणजे शेतकऱ्याच्या गरजेशी जुळतं ते ऊन.

कृष्णाकाठ
ऊनही सगळीकडे कामाला येत नाही. माझ्या घरावर 3 किलोवॅटचं सौर आहे, 78 हजार अनुदान मिळालं. बसवणाऱ्यानं सांगितलं होतं आता लाईट गेली तरी चिंता नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात लाईट गेली की पंखासुद्धा बंद. कोणाला विचारायचं? तो माणूस फोन उचलत नाही.

निवृत्त उपअभियंता
कृष्णाकाठ, तुमचा इन्व्हर्टर ऑनग्रीड आहे. लाईनची लाईट गेली की त्यानं बंद व्हायचंच असतं. नाहीतर तुमच्या छपरावरची वीज उलटी लाईनीत जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन जीवानिशी जाईल. लाईट गेल्यावरही घर चालवायचं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, त्याचा खर्च वेगळा. बसवणाऱ्यानं हे आधी सांगायला हवं होतं. डोंगरावरची चक्कीही जाळं बसलं, म्हणजे बंद पडलं, की थांबते, चार घरांना वेगळी वीज देत बसत नाही. द्राक्षबाग यांच्या चुलत्यांना हे सांगायला सोपं आहे.

कोयनापुत्र
वारा, ऊन सगळं ठीक आहे, पण वेळेला धावून येते ती कोयना. 1960 मेगावॅट, बटण दाबलं की काही मिनिटांत वीज. पाटणच्या माणसांनी घरं-शेतं बुडवून ही वीज राज्याला दिली, अजून कितीतरी जणांचं पुनर्वसन अर्धवट आहे. त्याबद्दल कोण बोलतं? भरवशाची वीज हवी तर पाणी.

निवृत्त उपअभियंता
पुनर्वसनाचं दुखणं खरं आहे. पण कोयना दिवसरात्र चालवता येत नाही. पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा पाणी तंटा लवादानं 67.5 टीएमसीला बांधलंय. म्हणून ती संध्याकाळच्या मोठ्या मागणीसाठी राखून वापरतात. आणि वाऱ्या-उन्हाच्या विजेला जोडीदार म्हणून तीच सगळ्यात उपयोगी आहे. वारा पडला की पाणी सोडायचं, वारा सुटला की पाणी वाचवायचं.

औष्णिक समर्थक
गोड गोड बोलून काय होणार? एप्रिल 2025 मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही देश एका दुपारी अंधारात गेले. भरपूर सौर, भरपूर वारा. कोळसा आणि अणू सोडून देश चालत नाही. ग्रामसभेत हे सांगा.

चाळकेवाडीकर
30 आणि 31 जुलै 2012 आठवतं का? उत्तर, पूर्व, ईशान्य भारताचं जाळं बसलं, 60 कोटींच्या वर माणसं अंधारात. तेव्हा आपल्याकडे सौर कितीसं होतं? आणि परळीचं औष्णिक केंद्र 2013 ला पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. कोळशालाही पाणी लागतं, आणि आपल्याकडे दुष्काळात तेच नसतं.

औष्णिक समर्थक
स्पेनचं उत्तर दिलं नाही.

निवृत्त उपअभियंता
स्पेनमध्ये जाळ्यातला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, भराभर वाढत गेला आणि केंद्रं एकामागून एक बाहेर पडली. विजेचा दाब धरून ठेवणारी यंत्रणा कमी पडली. त्यातून शिकायचं ते हे, की नुसत्या चक्क्या आणि पॅनल उभे करून भागत नाही, दाब सांभाळणारी यंत्रं आणि साठवणही लागते. घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे, मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. असे आणखी पाहिजेत. कोळसा उद्या बंद करा असं मी म्हणत नाही. पण वारा बेभरवशाचा आहे एवढंच बोलून विषय मिटवणंही मला पटत नाही. चक्की कधी किती देईल याचा अंदाज 15-15 मिनिटांचा बांधून आधीच कळवावा लागतो, राज्यातल्या विजेची मागणी-पुरवठा जुळवणाऱ्या कळव्याच्या भारप्रेषण केंद्रात माणसं रात्रंदिवस त्यावरच बसलेली असतात. एक चक्की बेभरवशाची असेल, पण राज्यभरच्या चक्क्या, सौर, कोयना आणि औष्णिक मिळून जे जाळं होतं त्यावर भरवसा ठेवता येतो.

सरडेप्रेमी
थोडं अवांतर. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी अभ्यास केला, 2018 ला प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आढळले. त्यामुळे तिथे गळ्याला निळा-केशरी पंखा फुलवणारे सरडे वाढले आणि त्यांचं वागणंही बदललं, माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत. पठार ओसाड दिसतं म्हणून रिकामं समजू नका. ठरावात पक्ष्यांच्या पाहणीची अट घाला.

द्राक्षबाग
सरड्यांचं वाचून बरं वाटलं, पण गावाला ते सांगितलं तर मला बाहेर काढतील. एक राहिलं सांगायचं. चक्क्या नवीन जागी येणार नाहीत. जुन्या लहान काढून मोठ्या बसवणार आहेत आणि नवीन लाईन गायरानातून न्यायची आहे, त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मागतायत. सोमवारी त्यावरच ठराव आहे.

कृष्णाकाठ
हे पहिल्याच ओळीत लिहायला पाहिजे होतं!

खानापूरची लेक
दादा, माझ्या वडिलांनी चक्कीला जमीन दिली होती. एजंट गोड बोलला, शंभराच्या स्टॅम्पवर सह्या घेतल्या. पुढं क्रेन आणायला रस्ता लागला तेव्हा बांधालगतची बोरीची झाडं तोडली, विचारलंसुद्धा नाही. सातबाऱ्यावर काय नोंद पडली हे आम्हाला नंतर तलाठ्याकडून कळलं. म्हणून सांगते, विक्री का भाडेपट्टा हे आधी ठरवा, दस्त नोंदणीकृत करा आणि वकिलाला दाखवा. मशीन म्हातारं झालं की मनोरा आणि खालचं काँक्रीट कोण काढणार हेही लिहून घ्या. आमच्या रानात काँक्रीटचा तो गोल अजून तसाच आहे, नांगर तिथून वळवून न्यावा लागतो. चक्कीला माझा विरोध नाही. अंधारात सही करायला विरोध आहे.

सूर्यशेती
गायरान असेल तर सौर कृषी वाहिनी, म्हणजे शेतीच्या फिडरसाठीचा सौर प्रकल्प मागा. जमीन खाजगी असेल तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी 3 टक्के वाढ. प्रकल्प झाला तर ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, तीन वर्षं. आणि ती वीज सबस्टेशनवरून तुमच्याच शेतीच्या फिडरला, दिवसा.

निवृत्त उपअभियंता
या वेळी सूर्यशेती बरोबर बोलतायत. चुलत्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर हेच आहे. चक्कीची वीज राज्याच्या जाळ्यात जाते, वाहिनीची वीज गावच्या फिडरला मिळते. सभेत दोन्ही मांडा. आणि द्राक्षबाग, सोमवारच्या आधी एक काम करा. तुमच्या 33/11 सबस्टेशनला जाऊन ऑपरेटरला फिडरचं रजिस्टर दाखवायची विनंती करा. फिडर कधी गेला, कशानं गेला, सगळं लिहिलेलं असतं.

द्राक्षबाग
जाऊन आलो. ऑपरेटरनं चहा पाजला, रजिस्टर उघडून दिलं. शेतीच्या फिडरपुढं शेवटच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शेरा, अर्थ फॉल्ट, म्हणजे तार कशाला तरी लागून वीज जमिनीत उतरली. वारा सुटला की संध्याकाळच्या नोंदी जास्त. वायरमन म्हणाला ओढ्याच्या वळणावर बाभळी वाढल्यात, वाऱ्यानं फांदी तारेला लागते. त्याच्याबरोबर जाऊन बघितलं. फांदीचं टोक काळं पडलंय, खाली गवत जळालंय. म्हणजे चुलते म्हणत होते ते अर्धं खरं निघालं, वारं सुटलं की मोटर बंद पडते.

निवृत्त उपअभियंता
फोटो काढा, सभेत दाखवा. फांद्या तोडायचा लेखी अर्ज आजच द्या आणि पोच घ्या. स्वतः कुऱ्हाड घेऊन जाऊ नका, लाईन बंद केल्याशिवाय कोणालाही जाऊ देऊ नका.

माणदेशी
बाभळीचं पटलं. पावसाचं अजून पटलेलं नाही.

द्राक्षबाग
अर्ज दिला, पोच घेतली. दाखल्याला अटी घालायच्या असं आमच्या गटाचं ठरलंय: लाईन गायरानाच्या कडेनं, जुनी काँक्रीटं काढायची, रस्ता गावाला खुला. सूर्यशेती, विहीर 70 फूट आहे आणि उन्हाळ्यात पाणी तळाला जातं. 5 एचपी चालेल का साडेसात लागेल?

सूर्यशेती
किती एकर? आणि पाणी विहिरीतून थेट बागेत सोडता का शेततळ्यात टाकून ठिबकला घेता?