अपेक्षा कमी ठेवा म्हणे!

खडूसकाका: 'नोकरीत सुखी व्हायचंय? अपेक्षा कमी ठेवा, समाजशास्त्राने सिद्ध केलंय' ही पोस्ट कालपासून फिरतेय. दाखला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कॅलेबर्ग यांच्या १९७७च्या निबंधाचा. लिहिणाऱ्याने तो उघडलाय असं वाटत नाही. मिळणारा मोबदला सारखाच असेल, तर ज्याला तो जास्त मोलाचा वाटतो तो कमी समाधानी, एवढं त्यात आहे. पण प्रत्यक्ष हातात काय पडतं, याचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा निघालाय. आणि हातात काय पडणार हे कामगाराचं परिस्थितीवर किती चालतं यावर ठरतं, हेही तिथेच आहे. तेवढं सोयीस्करपणे गिळलं!

मध्यममार्गी: काका, शांत व्हा. इंग्लंडमधल्या ल्युटनच्या कामगारांचं काय? १९६०च्या दशकात गोल्डथॉर्प, लॉकवुड या समाजशास्त्रज्ञ मंडळींनी पाहणी केली तेव्हा मोटारी जुळवणारे म्हणाले, काम कंटाळवाणं आहे, पण पगार चांगला, म्हणून टिकून आहोत. कामात अर्थ वगैरे शोधायला गेलेच नाहीत, म्हणून सुखी!

खडूसकाका: पगार घसघशीत होता हो त्यांचा! हे तर माझ्याच बाजूचं झालं.

टिंबटिंब: असल्या पाहण्यांवर विश्वासच नाही. आमच्याकडे 'नाव गुप्त राहील' म्हणून फॉर्म भरून घेतला. आठवड्याभरात साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुम्हाला नक्की अडचण काय आहे? तेव्हापासून सगळीकडे 'पूर्ण समाधानी'वर टिक.

मध्यममार्गी: बरं, मग बायका पुरुषांपेक्षा जास्त समाधान नोंदवतात ते कसं? त्यांना पगारापेक्षा सोयीची वेळ महत्त्वाची वाटते. साधी गोष्ट आहे.

रागीट_राघू: साधी?? अर्थतज्ज्ञ क्लार्क यांचा १९९७चा निबंध वाचा. ब्रिटनमधल्या बायका खरंच जास्त समाधानी निघाल्या. पण वेगळी कामं, कामातून काय हवं याच्या वेगळ्या कल्पना, असमाधानी बायका आधीच नोकरी सोडून जाणं, यातल्या कशानेच तो फरक उलगडला नाही. तरुण, उच्चशिक्षित किंवा पुरुषांचा भरणा असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या बायकांत तर तो दिसेनासाच झाला. म्हणजे अपेक्षाच खाली ठेवायला लावलेल्या!

मध्यममार्गी: म्हणजे अपेक्षा कमी तर समाधान जास्त. मी आणि ती पोस्ट दुसरं काय म्हणतोय?

रागीट_राघू: सल्ला म्हणून म्हणताय, हाच राग आहे! माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता. कळेपर्यंत मी अगदी मजेत होते. कळल्यावर काम तेच, टेबल तेच, आणि रोज सकाळी डोकं फिरलेलं. तुमच्या हिशेबाने माझी चूक काय, तर चौकशी केली?

टिंबटिंब: तुम्ही फॉर्मवर काय टिक केलंत तेव्हा?

रागीट_राघू: 'समाधानी'. हप्ते चालू होते.

मध्यममार्गी: ठीक आहे बाई, निबंधात 'अपेक्षा कमी ठेवा' असा सल्ला कुठे नाही, मान्य. आता फाशी देणार का?

खडूसकाका: फाशी नको. ती पोस्ट तुम्ही दोन गटांत फॉरवर्ड केलीत ना, तिथे जाऊन हेच लिहा.

मध्यममार्गी: एकात लिहितो. दुसऱ्यात आमचे साहेब आहेत.