झिपलाइन आधी, गुहा नंतर

मुलांना घेऊन एकाच दिवशी गुहा आणि झिपलाइन (उंच प्लॅटफॉर्मवरून ताणलेल्या तारेला लटकून पलीकडे घसरत जाणं) करायची, तर या चर्चेत वर ‘सकाळी गुहा, दुपारी झिपलाइन’ असा क्रम सुचवलाय; मी तरी तो उलटा करेन. गुहेतलं तापमान दिवसभर जवळपास सारखंच असतं, तिथे कधीही गेलं तरी चालतं. झिपलाइनचं तसं नाही. दुपारनंतर वारा वाढू शकतो आणि विजा चमकायला लागल्या की झिपलाइन बंदच ठेवतात. शिवाय झिपलाइन आधी केली की गुहेतल्या चिखलाने माखलेल्या बुटांनी तिच्या शिड्या चढायची वेळ येत नाही.

वजनाचा मुद्दा मात्र कुणीच काढला नाही. समोरून वारा असला की हलकी मुलं कधीकधी पलीकडच्या प्लॅटफॉर्मच्या अलीकडेच थांबतात. माझी भाची अशीच अडकली होती. मग प्लॅटफॉर्मकडे पाठ करून, हातमोजे घातलेल्या हातांनी तार धरत, एकेक हात मागे टाकत पोहोचली. प्रशिक्षकांना हे जमिनीवरच करून दाखवायला सांगा, म्हणजे मुलं वर घाबरत नाहीत.